हातघाईच्या लढतीचे प्रशिक्षण: कॅडेटांच्या तासाचा दर्जा कसा पारखावा आणि कसा वाढवावा

सैनिकी अकादमीत हातघाईच्या लढतीचे प्रशिक्षण कितपत चांगले चालले आहे हे जाणून घ्यायचे असेल, तर अभ्यासक्रमाची वही चाळून किंवा समारंभातले प्रात्यक्षिक पाहून फारसे काही हाती लागत नाही. त्यासाठी हातात घड्याळ घेऊन मॅटच्या कडेला उभे राहावे, समोरच्या तुकडीतला कोणताही एक कॅडेट मनाशी निवडावा आणि तासभर फक्त त्याच्यावर लक्ष ठेवावे. तो किती मिनिटे रांगेत उभा होता, किती मिनिटे प्रशिक्षकाचे बोलणे ऐकत होता, मुकाट्याने पडणाऱ्या जोडीदारावर किती मिनिटे डाव करत होता आणि खरोखर विरोध करणाऱ्या माणसाशी किती मिनिटे झुंजत होता, अशी चार खाती करून नोंद घ्यावी. चौथ्या खात्यातला आकडा हाच त्या तासाचा खरा दर्जा आहे, असे माझे ठाम मत आहे. हा आकडा सुरक्षितपणे कसा वाढवायचा, हे प्रशिक्षक आणि प्रशिक्षणाची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्यांसाठी पुढे मांडले आहे.

आधी प्रसंग, मग डाव

कोणते डाव शिकवायचे हे ठरवण्यापूर्वी सैनिक हातघाईवर कोणत्या प्रसंगी येतो, हे पाहिले पाहिजे. आधुनिक युद्धात असे प्रसंग येतच नाहीत, हा समज चुकीचा आहे. अमेरिकी लष्कराने २००४ ते २००८ या काळात युद्धभूमीवरून परतलेल्या सैनिकांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या होत्या. पुढे त्यांचे विश्लेषण प्रसिद्ध झाले, त्यात सुमारे १९ टक्के सैनिकांनी किमान एका प्रसंगी हातघाईचे कौशल्य वापरल्याचे सांगितलेले आढळते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, या सैनिकांपैकी सुमारे ७३ टक्क्यांनी पकड आणि झोंबी वापरली होती, साधारण २२ टक्क्यांनी बंदुकीच्या दस्त्यासारख्या वस्तूने आघात केला होता, तर ठोसे आणि लाथा वापरणारे जेमतेम पाच-सहा टक्के होते. हे प्रसंगही प्रामुख्याने कैदी ताब्यात ठेवणे, जमाव आवरणे आणि तपासणी नाक्यावर माणसाला अडवणे अशा प्रकारचे होते. दुसरे टोक म्हणजे जून २०२० मधील गलवान खोऱ्यातील चकमक. प्रत्यक्ष ताबारेषेपासून दोन किलोमीटरच्या आत गोळीबार न करण्याचे बंधन १९९६ च्या भारत-चीन करारात आहे. त्या रात्री गोळी न झाडता हातघाई झाली आणि तीत २० भारतीय सैनिक हुतात्मा झाले.

या माहितीवरून अभ्यासक्रमाची दिशा ठरते. कॅडेटच्या अंगावर गणवेश, बूट, चिलखती जाकीट आणि खांद्याला पट्ट्याने अडकवलेली रायफल असणार, हे गृहीत धरून सुरुवात करावी. त्याला सर्वांत आधी आपले शस्त्र दुसऱ्याच्या हाती जाऊ न देणे, मग तोल सांभाळून पायांवर उभे राहणे, पडल्यास लवकर उठणे, समोरच्याला जमिनीवर दाबून ठेवणे आणि सहकारी येईपर्यंत त्याला निसटू न देणे, या गोष्टी आल्या पाहिजेत. हवेत उंच लाथ मारण्याचा सराव प्रात्यक्षिकात शोभतो, परंतु वीस किलो सामान पाठीवर असलेल्या माणसाला तो उपयोगाचा नाही.

कॅडेट उद्याचा अधिकारी आहे, हेही येथे विसरता कामा नये. लढण्याची क्षमता गमावलेल्या किंवा शरण आलेल्या माणसावर हल्ला करता येत नाही, हा जिनिव्हा करारांचा आणि त्यांच्या १९७७ च्या पहिल्या अतिरिक्त करारपत्राचा नियम आहे. तो वर्गात शिकवून भागत नाही, कारण झटापटीच्या भरात हात आवरणे हे शरीराने आत्मसात करायचे कौशल्य आहे. म्हणून प्रत्येक सराव आघातावर न थांबवता, समोरच्याला ताब्यात घेणे, त्याची झडती घेणे आणि त्याला पुढे सोपवणे येथपर्यंत न्यावा. जो अधिकारी स्वतः झटापटीत घामाघूम होऊन थांबायला शिकला आहे, तोच आपल्या जवानांकडून तशी अपेक्षा करू शकतो.

विरोध करणारा जोडीदार

जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोत कोदोकान ही जुदोची शाळा सुरू केली, तेव्हा जुजुत्सू या जपानी झुंजविद्येच्या जुन्या परंपरांमध्ये भयंकर डावांची कमतरता नव्हती. अडचण अशी होती, की डोळे, सांधे आणि मर्मस्थाने यांवरचे हे डाव जोडीदारावर पूर्ण जोराने करून पाहणे शक्य नसल्यामुळे ते ठरावीक क्रमाने, संगनमताने करावे लागत. कानोंनी असे डाव ‘काता’ म्हणजे ठरलेल्या क्रमाच्या सरावात ठेवले, आणि पूर्ण ताकदीने करूनही जोडीदार दुसऱ्या दिवशी सरावाला येऊ शकेल असे डाव ‘रान्दोरी’ या मुक्त झुंजीसाठी निवडले. कमी घातक वाटणारा डाव हजार वेळा विरोधाविरुद्ध केलेला असेल, तर तो एकदाही खऱ्या विरोधाविरुद्ध न केलेल्या अतिघातक डावापेक्षा भरवशाचा ठरतो, हे सूत्र आजही मॅटवर रोज पडताळून पाहता येते.

हेच सूत्र शतकभरानंतर अमेरिकी लष्करात पुन्हा उपयोगी पडले. १९९५ मध्ये दुसऱ्या रेंजर बटालियनमध्ये हातघाईचे प्रशिक्षण नव्याने उभे करण्याचे ठरले आणि मॅट लार्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या पद्धती तपासून ब्राझिलियन जिऊ-जित्सूच्या जमिनीवरील झोंबीपासून सुरुवात केली. ती लवकर शिकता येते, पूर्ण जोराने करता येते आणि तिच्यात चढाओढीची गोडी असल्यामुळे सैनिक आपणहून सराव करतात, ही त्यामागची कारणे होती. २००२ मध्ये हीच पद्धत लष्कराच्या अधिकृत पुस्तिकेत आली. याच्या उलट उदाहरण दुसऱ्या महायुद्धातले आहे. शांघाय पोलिसांतून आलेल्या विल्यम फेअरबेर्न यांनी ब्रिटिश कमांडोंना मोजके, सोपे आणि आक्रमक आघात शिकवले. मोहिमेवर जाण्यापूर्वी हाताशी थोडेच दिवस असताना तो निर्णय योग्य होता. परंतु कॅडेटकडे काही वर्षे असतात, आणि वर्षांचा अवधी असताना दिवसांची पद्धत वापरणे हा वेळेचा अपव्यय आहे.

विरोध एकदम पूर्ण द्यायचा नसतो. नवा डाव सांगताना तीन-चार मिनिटांत दाखवून संपवावा, विरोध न करणाऱ्या जोडीदारावर दोन्ही बाजूंनी सात-आठ वेळा करू द्यावा आणि लगेच जोडीदाराला निम्म्या ताकदीने सुटण्याचा प्रयत्न करायला सांगावे. त्यानंतर मर्यादित झुंज लावावी, म्हणजे सुरुवातीची स्थिती ठरलेली, दोघांची उद्दिष्टे वेगळी आणि वेळ दीड मिनिट. वरच्याने खालच्याला दाबून ठेवायचे आणि खालच्याने उठून उभे राहायचे, किंवा एकाने रायफलची प्रतिकृती हिसकावायची आणि दुसऱ्याने ती वाचवून दोन हात अंतर मिळवायचे, एवढी साधी आखणी पुरेशी असते. वेळ संपली की जोडी बदलावी. बारा जोड्या असतील आणि जागा सहा जोड्यांनाच पुरत असेल, तर उरलेल्यांना नुसते उभे न ठेवता प्रत्येक झुंजीला एक पंच आणि एक निरीक्षक द्यावा, कारण दुसऱ्याची चूक शब्दांत सांगता येणे हाही शिकण्याचाच भाग आहे. मुक्त झुंज यानंतर येते, आणि तीही आठवड्यातून एकदाच लावली तरी चालते.

कमी डाव, मिसळून सराव

एका सत्रात चाळीस डाव शिकवले, हे अनेक अकादम्यांत अभिमानाने सांगितले जाते. मला ते दुबळ्या प्रशिक्षणाचे लक्षण वाटते. मानसशास्त्रज्ञ विल्यम हिक यांनी १९५२ मध्ये दाखवून दिले, की पर्यायांची संख्या वाढत जाते तसा योग्य प्रतिसाद निवडायला लागणारा वेळही वाढत जातो. प्रयोगशाळेतला हा नियम झटापटीला जसाच्या तसा लागू होत नाही, आणि दीर्घ सरावाने हा वेळ पुष्कळ घटतो. परंतु मोजके तास मिळणाऱ्या कॅडेटच्या बाबतीत इशारा स्पष्ट आहे. एकाच हालचालीने तीन-चार प्रसंग निभावत असतील तर तीच हालचाल निवडावी. पहिल्या वर्षासाठी पंधरा डाव पुष्कळ झाले, आणि त्यांतले दहा जरी विरोधाविरुद्ध चालले तरी ते वर्ष सत्कारणी लागले असे समजावे.

सरावाचा क्रम कसा असावा, याबद्दल १९७९ मध्ये शी आणि मॉर्गन या संशोधकांनी केलेला प्रयोग प्रत्येक प्रशिक्षकाने लक्षात ठेवण्यासारखा आहे. हाताच्या काही हालचाली एका गटाने एकेक करून सलग घोटवल्या, दुसऱ्या गटाने त्याच हालचाली उलटसुलट मिसळून केल्या. सरावाच्या वेळी पहिला गट सरस दिसत होता, मात्र नंतर घेतलेल्या चाचणीत दुसऱ्या गटाच्या लक्षात अधिक राहिले होते. म्हणजे तासाच्या शेवटी सफाईदार दिसणारी तुकडी चांगली शिकली असेलच असे नाही, आणि अडखळणारी तुकडी मागे पडली असेलच असेही नाही. वरिष्ठ पाहणीला आले की प्रशिक्षक साहजिकच एकच डाव घोटवून घेतो, आणि पाहणाऱ्याने नेमके त्यालाच भुलू नये. त्याचप्रमाणे एका आठवड्यात तीस तास उरकून वर्षभर विसरून जाण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा पाऊण तास अधिक टिकतो. वेळापत्रक आखणाऱ्याला हे गैरसोयीचे असते, पण त्याची समजूत घालणे हे प्रशिक्षण प्रमुखाचे काम आहे.

तंत्र थोडेफार बसल्यावर त्यात ताण मिसळावा. नेदरलँड्समध्ये पोलिसांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, उलट गोळीबार करणाऱ्या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध रंगाच्या गोळ्यांनी सराव केलेल्या अधिकाऱ्यांची नेमबाजी भीतीच्या प्रसंगीही टिकून राहिली, पुठ्ठ्याच्या लक्ष्यावर सराव केलेल्यांची ढासळली. विषय नेमबाजीचा असला तरी बोध आपल्या कामाचा आहे. धावून दम लागलेल्या अवस्थेत, अपुऱ्या प्रकाशात, गोंगाटात, समोरून किती जण आणि काय घेऊन येणार हे माहीत नसताना झुंज लावता येते. पण थकलेल्या कॅडेटला नवे तंत्र शिकवू नये, आणि ताण देण्याच्या नावाखाली अपमान, शिवीगाळ किंवा दुर्बळ मुलाला मुद्दाम दांडगटासमोर उभे करणे यांना थारा देऊ नये. त्याने धैर्य वाढत नाही. दुखणे लपवण्याची सवय मात्र लागते, आणि सगळ्या सुरक्षा व्यवस्थेला सुरुंग लागतो तो याच सवयीने.

दुखापत टाळण्याची शिस्त

सुरक्षितता आणि कठोरपणा यांचा झगडा आहे असे मानणारे प्रशिक्षक मोठी चूक करतात, कारण गुडघा दुखावलेल्या कॅडेटच्या चौथ्या खात्यात पुढचे चार महिने शून्य मिनिटे जमा होतात. जोड लावताना आधी वजन, मग अनुभव पाहावा, आणि दोन्ही बाबतींत मोठे अंतर असेल तर झुंज मर्यादित ठेवून अनुभवी कॅडेटला काम नेमून द्यावे. महिला कॅडेटांना वेगळा, हलका अभ्यासक्रम देण्याचे कारण नाही. त्यांनी आपल्या वजनाच्या महिलांशी आणि पुरुषांशीही झुंजले पाहिजे, कारण प्रत्यक्षात समोर कोण येईल हे त्यांच्या हाती नसते.

हार मानण्याची खूण पहिल्याच तासाला शिकवावी. जोडीदाराच्या अंगावर हाताने दोनदा थापटणे, हात अडकले असतील तर पायाने मॅटवर आपटणे आणि तोंडाने मोठ्याने ‘थांब’ म्हणणे, या तिन्ही खुणा सारख्याच बंधनकारक असाव्यात. खूण मिळूनही पकड न सोडणाऱ्याला त्या दिवशी मॅटबाहेर बसवावे, मग तो तुकडीतला सर्वोत्तम लढवय्या का असेना. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या नीट दाबल्या गेल्या तर साधारण दहा सेकंदांत, कधी त्याहूनही लवकर, शुद्ध हरपते. त्यामुळे हे डाव शिकवताना प्रशिक्षकाची नजर जोडीच्या चेहऱ्यांवरून हलता कामा नये. टाच पिरगळून गुडघ्यावर ताण देणारे डाव कॅडेटांसाठी सरसकट बंद ठेवावेत, कारण त्यांत वेदना जाणवते तेव्हा बहुधा इजा होऊन गेलेली असते. मणक्याला पीळ देणाऱ्या आणि मान मुरगळणाऱ्या डावांनाही तोच नियम लावावा.

डोक्यावरच्या आघाताबद्दल मी जरा विस्ताराने लिहितो, कारण येथे जुनी परंपरा आणि आजचे वैद्यकीय ज्ञान समोरासमोर येतात. अमेरिकेतील वेस्ट पॉइंट अकादमीत मुष्टियुद्धाला १९०५ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या आग्रहाने स्थान मिळाले, आणि ठोसा झेलण्याच्या भीतीला सामोरे जाणे हा अधिकाऱ्याच्या घडणीचा भाग आहे हा विचार तेथे दीर्घकाळ टिकला. त्या विचारात तथ्य आहे. मात्र स्वतः रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष असताना एका तरुण लष्करी अधिकाऱ्याशी सराव करताना बसलेल्या ठोशाने डाव्या डोळ्याची दृष्टी गमावून बसले, हेही त्याच इतिहासात आहे. ज्या मेंदूवर पुढे अनेकांचे प्राण अवलंबून राहणार आहेत, त्याला प्रशिक्षणातच हादरे देणे मला पटत नाही. ठोशांची ओळख जरूर करून द्यावी, पण हलक्या जोराने, मोठे हातमोजे आणि दंतरक्षक वापरून, फेऱ्या मोजक्या ठेवून. भीतीशी सामना करायला शरीरावरचे आघात आणि दमछाक करणारी झोंबी बऱ्याच अंशी पुरते.

मेंदूला हादरा बसल्याची शंका जरी आली, म्हणजे कॅडेट गोंधळलेला दिसला, तोल जाऊ लागला, डोके दुखते किंवा मळमळते म्हणाला, तर त्या दिवशी त्याला परत मॅटवर घेऊ नये. शुद्ध हरपली नाही म्हणून हादरा बसला नाही, असे होत नाही. पहिले एक-दोन दिवस सापेक्ष विश्रांती, मग हलकी हालचाल, मग व्यायाम, मग स्पर्श नसलेला सराव आणि अखेरीस पूर्ण झुंज, असे टप्पे असावेत. प्रत्येक टप्प्याला किमान २४ तास द्यावेत आणि पूर्ण झुंजीपूर्वी डॉक्टरची परवानगी घ्यावी. ही परवानगी देण्याचा अधिकार प्रशिक्षकाला किंवा कॅडेटला असू नये, कारण दोघांनाही परतण्याची घाई असते.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगता येतील. मॅट रोज जंतुनाशकाने पुसावी, नखे कापलेली असावीत, अंगठ्या व साखळ्या काढून ठेवाव्यात, त्वचेवर गजकर्ण किंवा पुटकुळ्या दिसल्यास कॅडेटला बरे होईपर्यंत संपर्कापासून दूर ठेवावे. सुरीचा सराव रबराच्या रंगीत सुरीने आणि डोळ्यांना संरक्षण लावूनच करावा, आणि सत्रापूर्वी खऱ्या शस्त्रांची झडती स्वतः प्रशिक्षकाने घ्यावी. उष्माघाताची लक्षणे दिसली तर आधी थंड पाण्यात बसवून अंग गार करावे, मग रुग्णालयात न्यावे. प्रत्येक दुखापतीची नोंद ठेवताना ती कोणत्या डावात, कोणत्या जोडीत आणि सत्राच्या कितव्या मिनिटाला झाली हे लिहावे. तीन महिन्यांनी ही नोंदवही उघडली की एखादाच डाव किंवा सत्राची शेवटची दहा मिनिटे वारंवार दिसू लागतात, आणि कुठे बदल करायचा ते आपोआप कळते.

प्रशिक्षक आणि परीक्षा

प्रशिक्षक निवडताना त्याची पदके पाहण्याआधी त्याला एक डाव नवख्या तुकडीला शिकवायला सांगावे आणि पंधरा मिनिटांनी तुकडीला काय येते ते पाहावे. चांगला प्रशिक्षक थोडे बोलतो, एका वेळी एकच चूक सुधारतो, स्वतः कॅडेटांशी झुंजतो आणि त्यांच्याकडून कधी हार मानायलाही कचरत नाही. जो कधीच मॅटवर उतरत नाही आणि आपला डाव विरोधाविरुद्ध चालला नाही की कॅडेटला ‘तू चुकीचा विरोध केलास’ असे ऐकवतो, त्याच्या हाती तुकडी देऊ नये.

परीक्षेत ठरलेल्या क्रमाने, सांगितल्याबरहुकूम पडणाऱ्या जोडीदारावर दहा डाव करून दाखवायला लावले, तर कॅडेट वर्षभर तेवढेच घोटणार. त्याऐवजी त्याला न सांगितलेला प्रसंग द्यावा, समोर दुसऱ्या तुकडीतला अनोळखी प्रतिस्पर्धी ठेवावा आणि चित्रीकरण करावे. गुणांकन करताना शस्त्र हातचे गेले का, तो पायांवर राहिला किंवा लवकर उठला का, त्याने सहकाऱ्याला हाक मारली का, आणि समोरचा शरण आल्यावर तो थांबला का, असे साधे प्रश्न विचारावेत. यांतल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ आले, तर बाकीचे सगळे गुण मिळूनही त्याला अनुत्तीर्ण ठरवावे आणि पुन्हा संधी द्यावी. हीच परीक्षा मधल्या काळात खास तयारी न करवता तीन महिन्यांनी पुन्हा घ्यावी. त्या दुसऱ्या परीक्षेच्या चित्रफिती शेजारी ठेवून अभ्यासक्रमाची यादी वाचावी, एकाही कॅडेटने दडपणाखाली वापरला नाही असा प्रत्येक डाव यादीतून खोडावा, आणि त्यातून मोकळी झालेली मिनिटे चौथ्या खात्यात घालावीत.